तळीरामाच्या मागचं घर

नशेवरच्या विनोदाला सगळं थिएटर एकदम हसत नाही. वेंधळा हवालदार चिखलात पडला किंवा भुताला घाबरून कुणी धूम ठोकली, तर पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत एकच हशा जातो. पडद्यावर कुणी झुरका मारून बरळायला लागला की मात्र तो हशा दुभंगतो. एका बाजूची पोरं खुर्च्या हादरवत हसतात. दुसरीकडे कुणी उगाच घसा साफ करतं, कुणी मोबाइल काढून वेळ बघतं, आणि एखादी बाई पदर सावरून पडद्याकडे नुसती बघत राहते. न हसणारी ही माणसं अरसिक, जुन्या वळणाची, असं सरसकट धरलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही.

मी वर्ध्याची. 1974 पासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. गांधीजी 1936 मध्ये शेगावला येऊन राहिले, पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. पलीकडे पवनारला विनोबांचा आश्रम. या भूमीचा मान राखायचा म्हणून परवान्याची दुकानं बंद झाली, ती आजवर बंद आहेत. तरीही दारू म्हणजे काय, हे वर्ध्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती नाहीतर यवतमाळ जिल्हा लागतो, दुसऱ्या अंगाला नागपूर. बाटली तिथून आत येते. नाल्याकाठी झुडपांत मोहाचा सडवा मुरत असतो. पोलिसांची वॉश आऊट मोहीम निघते, ड्रम उलटे केले जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आणि थोड्या दिवसांनी त्याच नाल्यावर पुन्हा धूर दिसतो. गावोगावच्या बायांनी कित्येकदा स्वतः जाऊन भट्ट्या फोडल्या आहेत. नशा हा विषय इथे वर्तमानपत्रातून कळत नाही. शेजारच्या भिंतीतून ऐकू येतो.

अशा गावातली आम्ही माणसं 2013 च्या मे महिन्यात नागपूरला जाऊन 'गो गोवा गॉन' पाहून आलो. राज निदिमोरू आणि कृष्णा डीके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 10 मे 2013 ला लागला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. हार्दिक आणि लव हे एका घरात राहणारे दोन मित्र. एक कुणाल खेमू, दुसरा वीर दास. नोकरीत मन नाही, हातात कायम सिगारेटीत भरलेला गांजा. तिसरा बनी, म्हणजे आनंद तिवारी, हा सरळमार्गी. त्याला कंपनीच्या कामासाठी गोव्याला जायचं असतं, हे दोघे त्याच्या मागे लागून जातात. तिथून एका बेटावर रेव्ह पार्टी, पार्टीत एक नवीन अमली पदार्थ, आणि सकाळी उठून पाहतात तो पार्टीतली सगळी माणसं झॉम्बी झालेली. मेलेली, तरीही चालणारी आणि जिवंत माणसाला चावणारी. मग केस सोनेरी रंगवलेला सैफ अली खान बंदूक घेऊन येतो, रशियन माफिया असल्याच्या थाटात, आणि गोळीबार सुरू होतो. पुढे कोकेनची पूड तोंडावर उडवली की झॉम्बी जागीच थिजतात, असा शोध या पोरांना लागतो.

नशा, मारामारी आणि विनोद यांची ही भेळ मुळात अमेरिकेतली. 1978 मध्ये चीच आणि चाँग या विनोदी जोडगोळीचा 'अप इन स्मोक' आला, तिथून नशेत तर्र मित्रांच्या सिनेमाची वाट रुळली. 2008 च्या 'पायनॅपल एक्सप्रेस'मध्ये सेथ रोगन आणि जेम्स फ्रँको या दोन गांजेकसांच्या मागे गुंडांच्या बंदुका लागल्या. आपल्याकडे त्या वळणाचा सिनेमा हिंदीत यायला थोडा वेळ लागला. 2011 चा 'देल्ही बेली' त्याच्या जवळचा, आणि तो दिग्दर्शित केला होता रमेश देव आणि सीमा देव यांच्या मुलानं, अभिनय देवनं. ज्यांच्या घरात मराठी चित्रपटाचं सोज्वळ युग नांदलं, त्यांच्याच घरातून इतका उर्मट विनोद आला याचं त्या वेळी अनेकांना आश्चर्य वाटलं. मला आनंद वाटला होता.

मे महिन्यात विदर्भातला माणूस थिएटरात जातो त्यात निम्मं कारण एसीचं असतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्यामुळे एरवी ज्यांना कुणी अशा चित्रपटाला नेलं नसतं, तीही माणसं त्या दिवशी आत होती. आमच्यातच बघा. माझा भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र हे खरे प्रेक्षक. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नागपूरला डोळे दाखवायला आलेला. तो तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेला नेमानं जाणारा. वहिनी सोबत. आणि मी, कॉलेजात मराठी शिकवणारी, सिनेमाची हौस असलेली. आमच्यापुढच्या रांगेत दोन जोडपी, मागे हॉस्टेलची पोरं. सगळ्यांनी एकाच भावाचं तिकीट काढलेलं.

चित्रपट सुरू व्हायच्या आधीच पहिला हशा झाला, आणि तो चित्रपटाचा नव्हता. 2 ऑक्टोबर 2012 पासून, म्हणजे गांधीजयंतीपासून, तंबाखू दाखवणाऱ्या चित्रपटाआधी आणि मध्यंतरानंतर आरोग्याचा इशारा दाखवणं सक्तीचं झालं होतं. त्यात मुकेश नावाच्या तरुणाची जाहिरात असायची. गुटख्यानं तोंडाचा कर्करोग झालेला, चोविसाव्या वर्षी गेलेला खरा मुलगा. तो आपलं नाव सांगायला लागला की मागची पोरं त्याच्यासोबत त्याचं वाक्य म्हणत होती, नक्कल करत होती, आणि खिदळत होती. तेव्हा सगळीकडेच हे चालायचं. भीती दाखवायला केलेली फिल्म वारंवार बघून बघून पोरांच्या तोंडी विनोद झाली होती. अमेरिकेत असंच एकदा झालंय. 1936 मध्ये, गांधीजी शेगावला आले त्याच वर्षी, 'रीफर मॅडनेस' नावाचा चित्रपट आईबापांना सावध करायला काढला गेला. गांजाचा एक झुरका आणि माणूस थेट वेडाच्या, खुनाच्या वाटेला, असं त्यात दाखवलं. सत्तरच्या दशकातली कॉलेजची पोरं तोच चित्रपट रात्री एकत्र बसून पोट धरून हसत बघायला लागली. इशारा अतिरेकी झाला की तो ऐकणाऱ्याच्या कानावरून जातो, हे खरंच आहे. पण मुकेशची जाहिरात अतिरेकी नव्हती. तो मुलगा खरा होता आणि खरोखर मेला होता.

त्या हशानं मी अस्वस्थ झाले, कारण हसणाऱ्यांतल्या काहींच्या गालात खर्रा होता. विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा सांगायला हवा. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालतात आणि तळहाताखाली दाबून घासत राहतात. घासता घासता सुपारीला चुना लागतो, तंबाखू मऊ होतो, पन्नी गरम होते. मग तीच पन्नी पिळून, गाठ मारून किंवा रबर लावून हातात देतात. शाळकरी पोरापासून आमदारापर्यंत कुणाच्याही खिशात ती सापडेल. राज्यात 2012 च्या जुलैत गुटख्यावर बंदी आली, खर्रा ठेल्यावर घासला जातच राहिला. चित्रपटातल्या गांजानं माझ्या भाच्याचे मित्र बिघडतील, ही भीती मला त्या अंधारात एकदाही वाटली नाही. त्यांच्या खिशातल्या गाठ मारलेल्या पन्नीची मात्र वाटली, आणि तिच्यावर कुणी चित्रपट काढत नाही.

चित्रपट मला आवडला. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे मी त्याच्याविषयी तक्रारही करणार आहे. त्यातली पोरं नशेमुळे मोठी किंवा रुबाबदार दिसत नाहीत. ती आळशी, पळपुटी, एकमेकांवर अवलंबून असलेली दिसतात. कुणाल खेमूची वेळ साधण्याची हातोटी अफलातून आहे. भारतात भुतं असतात, चेटकीण असते, मग हे झॉम्बी कुठून आले, यावर ही पोरं जी चर्चा करतात ती ऐकून मी मोठ्यानं हसले. माझ्या पिढीनं रामसे बंधूंचे भयपट पाहिलेत. त्यानंतर भुताच्या गोष्टीत एवढी हुशारी आली याचं मला कौतुक वाटलं.

परतीच्या गाडीत सगळं बाहेर पडलं. अजनी स्टेशन सुटलं तशी दादानं सुरुवात केली.

"काय पाहासारकं होतं त्याच्यात? गंजेडी पोट्टे, अन् वरून गोळीबार."

"बाबा, तुम्ही प्रत्येक पिक्चरमध्ये कीर्तन शोधता," भाचा म्हणाला. "तो हासाले बनवला हाये, मेसेज द्याले नाही."

वहिनीला सैफ आवडला होता. "तो रशियन झाल्ता तो बेस होता," ती म्हणाली, आणि तो मुळात दिल्लीचा निघतो तिथे तिला सगळ्यात जास्त हसू आलं होतं. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ बुटीबोरीला उतरणारे. त्यांनीही तोच खेळ पाहिलेला निघाला. "मले ते झॉम्बी का काय ते काही समजले नाही, पण मारामारी झकास," असं सांगून त्यांनी आमच्या वादात भर घातली. भाच्याचा एक मित्र नाराज होता. त्याला यातला गोळीबार कमी वाटला, आणि बडबड जास्त. दुसऱ्याला उलट वाटत होतं. बंदुका आल्या तिथे चित्रपट बिघडला, पहिला अर्धा तास एकदम खरा होता, तो म्हणाला, कारण हॉस्टेलवर पोरं अशीच बोलतात.

दादा मात्र हट्टाला पेटला होता. गांधीजी सिनेमाला वाईट म्हणाले होते, हे त्यानं काढलं. ते खरं आहे. 1927 मध्ये सरकारी सिनेमॅटोग्राफ समितीनं गांधीजींना प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण सिनेमा पाहिलेलाच नाही पण त्यानं होणारं नुकसान उघड दिसतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं. पुढे 1944 मध्ये जुहूला त्यांनी विजय भट्ट यांच्या 'रामराज्य'चा काही भाग पाहिला. मी हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "मंग? रामराज्यच पाह्यला ना?" त्याच्या या उत्तरावर गाडीत सगळेच हसले, तोही हसला.

पण गंमत अशी की गांजेकसावर हसायला दादाला मुळात हरकत नाही. सिंदी येईपर्यंत त्यानंच आम्हाला आमच्या मूळ गावातल्या एका चिलीमवाल्या बुवांच्या गोष्टी सांगितल्या. ते कसे महादेवाच्या यात्रेला पचमढीला निघाले आणि बैलगाडीत उलटं तोंड करून बसल्यामुळे आपण घराकडेच चाललोय म्हणून भांडले, वगैरे. आमच्याकडे गांजा हा फार जुना पाहुणा आहे. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपुरातून वेगळा झाला तेव्हापासून मध्य प्रांतात होता, आणि त्याच प्रांतात निमाडात खांडव्याकडे सरकारी परवान्यानं गांजाची शेती होत असे. 1893 आणि 1894 मध्ये इंग्रज सरकारनं भारतीय भांग-गांजा आयोग नेमून सगळ्या प्रांतांतून साक्षी गोळा केल्या. बेतानं घेणाऱ्याला त्यापासून फारसा अपाय नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गांजा आणि चरस यांच्यावर देशभर कडक बंदी आली ती 1985 च्या कायद्यानं, आणि त्यातही भांगेचं पान वगळलं गेलं. म्हणून होळीला आणि महाशिवरात्रीला भांगेचे विनोद देवळाच्या ओट्यावर बसून होतात. दादाला भांगेचा विनोद चालतो, चिलीमवाले बुवा चालतात. चित्रपटातली पोरं चालत नाहीत. का चालत नाहीत, हे त्याला त्या दिवशी सांगता आलं नाही, आणि मलाही कळलं नव्हतं.

मला त्याचं उत्तर वर्गात सापडायला लागलं. त्या वर्षी बी.ए.ला 'एकच प्याला' शिकवत होते. राम गणेश गडकरी आमच्याच बाजूला, नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला 23 जानेवारी 1919 ला गेले. त्यानंतर महिन्याच्या आत, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. लेखकाला तो पाहता आला नाही, ही हुरहुर मला दरवर्षी ते नाटक उघडताना वाटते.

त्या नाटकातला तळीराम हा मराठीतला सगळ्यात गमतीदार नशाबाज. त्याचं आर्यमदिरामंडळ, दारूच्या बाजूनं त्याचे बिनतोड युक्तिवाद, सभासदांच्या गप्पा. पोरं ते प्रवेश वाचताना वर्ग दणाणून सोडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या भाषेला आजची पोरं हसतात, यातच गडकऱ्यांची ताकद दिसते. त्या काळीही अनेकांना प्रश्न पडलाच असेल की दारूच्या विरोधात लिहायला बसलेल्या माणसानं दारुड्याला एवढं गोड का केलं. माझ्या वर्गात देवळीकडून येणारी एक मुलगी होती. तळीरामाच्या वाक्यांना ती कधी हसली नाही. निबंध लिहायला दिला तेव्हा सगळ्यांनी सिंधूवर किंवा सुधाकरावर लिहिलं, हिनं गीतेवर लिहिलं. गीता म्हणजे तळीरामाची बायको. तिनं लिहिलं होतं की तळीराम मंडळात बोलतो ते आपल्याला ऐकू येतं, पण तो घरी गेल्यावर काय बोलतो ते गीतेला विचारा. आणि गडकऱ्यांनी ते विचारलं आहे म्हणून नाटक खरं आहे.

वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनं मला ते नाटक नव्यानं दाखवलं. गडकऱ्यांनी आर्यमदिरामंडळाच्या अगदी शेजारी घर उभं केलंय. इकडे पेले वाजतात, तिकडे सिंधू पोटासाठी दळण दळते. तळीराम हसवतो आणि मरतो. सुधाकराच्या हातून त्याचं स्वतःचं मूल जातं, सिंधू जाते. हसणारा आणि न हसणारा, दोघेही प्रेक्षक त्या नाटकात आपापल्या जागी बसू शकतात, कारण दोघांची गोष्ट तिथे आहे. गाडगेबाबांच्या कीर्तनातही तेच असायचं, असं माझे वडील सांगत. बाबा वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारत, दारू पिऊन घर बुडवणाऱ्याची फिरकी घेत, लोक हसत, आणि त्याच हसण्यात पुढच्या प्रश्नाला बायका-पोरांची गोष्ट यायची. लहानपणी मी पाहिलेल्या खडी गमतीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, दारुड्याचं सोंग असे, तसं त्याच्या बायकोचंही सोंग असे, आणि लुगडं नेसलेला तो पुरुष नवऱ्याला जी उत्तरं देई त्यांना बाया सगळ्यात जास्त हसत.

'गो गोवा गॉन'मध्ये घर नाही. हार्दिक आणि लव यांचा फ्लॅट आहे, पण त्या फ्लॅटला आई नाही, बाप नाही, बहीण नाही, महिन्याचा किराणा नाही. नशेची किंमत तिथे कुणी घरातलं मोजत नाही. ती मोजायला झॉम्बी आणावे लागतात. 'देल्ही बेली'तली पोरंही अशीच एका खोलीत राहतात. 'पायनॅपल एक्सप्रेस'मध्ये एकदा नायक मैत्रिणीच्या आईबापांच्या जेवणाच्या टेबलापाशी धडकतो, आणि तो त्या चित्रपटातला मला आठवणारा सगळ्यात मजेदार प्रसंग आहे, कारण तेवढ्यापुरतं घर आत येतं. या जातीच्या विनोदाची अटच बहुधा अशी असते की पोरं सुटी असली पाहिजेत. म्हणून तो इतका हलका, इतका मोकळा वाटतो. आणि दादाला चिलीमवाले बुवा चालतात ते त्यांच्या मागे घर आहे म्हणूनच. त्या बुवांची बायको, त्यांचे बैल, त्यांचं गाव त्याला माहीत आहे; गोष्ट सांगताना तो बुवांच्या बायकोनं दार उघडताना काय म्हटलं तेही सांगतो.

पुढे दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा त्यानं लॅपटॉपवर तो चित्रपट पुन्हा लावला. आमच्या गल्लीतल्या एक आजी फराळाचं द्यायला आल्या आणि बसल्या. नवरा मोहाच्या दारूनं गेला तेव्हा त्या तिशीत होत्या. पुढे त्यांच्या गावच्या दारूबंदीच्या बायकांत त्या सगळ्यात पुढे असायच्या. भाचा लॅपटॉप बंद करायला निघाला, तर त्यांनी थांबवलं. त्यांनी सगळा चित्रपट पाहिला, चष्मा नाकावर सरकवत. बेटावर पोरं जिवाच्या आकांतानं पळतात तिथे त्या हसल्या. सोनेरी केसांचा सैफ आला तिथे अजून हसल्या. पोरं धूर सोडत बसतात त्या प्रसंगांना त्या मधूनच म्हणाल्या, "हे पोट्टे बरे हायेत, मारत तं नाही कोनाले." आणि चित्रपट संपल्यावर भाच्याला विचारलं, "याह्यच्या माया कुठी हायेत गा? एकाचीबी माय दिसली नाही."

भाच्याला उत्तर देता आलं नाही. तो चांगला मुलगा आहे, त्यानं टाळलंही नाही. "आजी, तसा पिक्चर नाही हा," एवढंच म्हणाला. आजींना ते मान्य होतं. पिक्चर चांगला आहे, असंही त्या म्हणाल्या. पण त्यांचा प्रश्न मला समीक्षकांनी लिहिलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा नेमका वाटतो. त्यांनी चित्रपटाला पापी म्हटलं नाही, बंदी घाला म्हटलं नाही. 2011 मध्ये 'दम मारो दम' या चित्रपटावरून गोव्यात बायकांच्या संघटना चिडल्या होत्या, तेव्हाही त्यांच्या रागात हाच प्रश्न होता असं मला वाटतं: आमचं घर, आमच्या मुली तुमच्या पार्टीच्या मागे कुठे आहेत? थिएटरात जे हसत नाहीत, ते कित्येकदा पडद्यावर नसलेलं माणूस शोधत असतात.

नागराज मंजुळेंचा 'झुंड' 2022 च्या मार्चमध्ये आला, तो आम्ही पाहिला तेव्हा मला हे पुन्हा जाणवलं. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, पावसात डबा लाथाडणारी, नशा करणारी, चोऱ्या करणारी. पहिल्या अर्ध्या भागात हशाच हशा आहे, आणि भाषा अस्सल नागपुरी, जी मोठ्या पडद्यावर ऐकताना आमच्याकडची माणसं खुर्चीत सरसावून बसली. ती पोरं नशेत असतात तेव्हाही आपण हसतो, पण त्यांची वस्ती, त्यांच्या आया, त्यांचं दार समोर असतं. त्या खेळात मी दोन्ही बाजूंना बघितलं. न हसणारे फार थोडे होते. दादा तर डोळे पुसत हसला.

मला वाटतं, आमच्याकडे यापुढचा चित्रपट व्हायला हवा, आणि तो विनोदीच हवा. वर्ध्याची दोन पोरं, दारूबंदीच्या जिल्ह्यातली, पुलगावला नदीचा पूल ओलांडून पलीकडे जाणारी. त्यांच्या मागे पोलीस, पुढे तस्कर, गाडीच्या सीटखाली लपवलेला माल, मारामारी हवी तेवढी. खर्र्याची पन्नी तोंडात धरून गाडी चालवणारा एखादा ड्रायव्हर. आणि या सगळ्यात, पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत, त्या पोरांच्या माया. भट्टीवर काठ्या घेऊन निघालेल्या, आपलंच पोरगं ड्रम उचलताना सापडलं म्हणून हादरलेल्या, त्याला लपवणाऱ्या आणि त्याच रात्री त्याला झोडपणाऱ्या. यात विनोदाला किती जागा आहे, हे मोर्चाला गेलेल्या कुठल्याही बाईला विचारून बघा. त्या आठवणी सांगताना त्या स्वतः हसून लोटपोट होतात.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, असा पिक्चर कोन पाहीन?" आता तो पुण्यात नोकरी करतो, आणि सुटीत आला की अजूनही माझ्याशी सिनेमावरून भांडतो. मी त्याला यादी दिली. दादा पाहील. वहिनी पाहील. बुटीबोरीला उतरलेले ते गृहस्थ मारामारीसाठी पाहतील. देवळीची ती मुलगी, जी आता स्वतः शाळेत शिकवते, तिच्या वर्गातल्या मुलींना घेऊन जाईल. हॉस्टेलची पोरं तर येतीलच, त्यांना बोलवावं लागत नाही. आणि आजी पहिल्या खेळाचं तिकीट मागतील.

"अन् तू?" मी विचारलं.

"मी तर येईनच," तो म्हणाला. "पण त्याच्यात झॉम्बी पाह्यजे."

झॉम्बीही घालू, मी म्हणाले.